चढावरचा बर्फ

पप्पा, चर्चच्या पार्किंगचं डांबर या आठवड्यात उखडायला घेतलंय. तुम्ही गेल्यानंतर त्याला ठिगळं लावून लावून कसंबसं चालवलं होतं, पण आता सगळं खोदून काढून, उतार बदलून, पाणी वाहून जायची वाट नवी करायची ठरली आहे. आराखडा नजरेखालून घालायला मला बोलावलं, कारण माझं आयुष्य याच कामात गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी मी डोक्यावर हेल्मेट घालून तिथे उभी होते आणि माझ्या शेजारी मावशीचा मुलगा उभा होता. पॅरिशच्या इमारतीचं आणि आवाराचं काम आता तोच बघतो. केस पिकलेत त्याचे. त्याने मला त्या दिवशी एक गोष्ट सांगितली, जी खरं तर तुम्हाला सांगायची होती आणि तुम्ही असतानाच सांगायची होती. ती लिहायला बसले आहे. पण ती एकदम लिहिता येईना, म्हणून मागे जाते.

ममी गेल्यावर तुम्ही वसईत एकटे राहिलात ते विहिरीमुळे, असं मला नेहमी वाटत आलं. घर बंद करता आलं असतं, विहीर बंद करता येत नव्हती. मी लहान असताना त्या पाण्यावर आपली पानवेल होती, केळी होत्या, ममीची मोगऱ्याची रांग होती. मग आजूबाजूच्या वाड्यांतून टँकरने पाणी जायला लागलं, आणि गोडं पाणी उपसलं तसं जमिनीखालून समुद्राचं आत आलं. शाळेत भूगोल शिकवणारे तुम्ही, तुम्हाला कारण समजत होतं, पण समजून काय करणार. रोज सकाळी पोहरा वर घेऊन तुम्ही ओंजळभर पाणी तोंडात धरायचात आणि थुंकायचात. आधी पानवेल गेली. मग केळीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. शेवटी मोगराही गेला तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "तिकीट काढ." कारण विचारायची मला हिंमत झाली नाही.

इकडे कॅनडात, मिसिसागाला आलात तेव्हा उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी गेलात आणि म्हणालात, "घरामागे तळं आहे हे बोलली नाहीस कधी." माझी मुलगी तेव्हा शाळकरी होती, ती सीरियल खाता खाता म्हणाली, "इट्स नॉट अ लेक, ग्रँडपा. ममाज ऑफिस मेड इट." मग मी तुम्हाला समजावलं की हे माणसाने खोदलेलं तळं आहे. रस्त्यांवर, छपरांवर पडलेलं पावसाचं पाणी रस्त्यातल्या जाळ्यांतून पाइपात उतरतं, इथे येऊन थांबतं, त्यातला गाळ खाली बसतो आणि मग ते हळूहळू पुढे ओढ्यात जातं. नाहीतर मोठ्या पावसात ओढा फुगून लोकांच्या बेसमेंटमध्ये शिरेल. अशी तळी सांभाळणं हीच माझी नोकरी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे गावाची गटारं तू बघतेस." मी म्हटलं, "गटारं नाही पप्पा, पावसाचं पाणी." तुम्ही हसलात. पण त्या दिवसापासून त्याला तुम्ही तळंच म्हणत राहिलात आणि रोज सकाळी त्याला फेरी मारायला लागलात.

वसंतात तिथले बेडूक ओरडायला लागले की तुम्ही फोन हातात घेऊन पाण्याच्या काठापर्यंत जायचात आणि वसईला काकांना ऐकवायचात. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. काका म्हणायचे काही ऐकू येत नाही, नुसती घरघर येते. तरी तुम्ही फोन धरून उभे.

तुमचा पहिला हिवाळा मला नीट आठवतो. रात्री बर्फ पडलेला, सकाळी सिटीचा ट्रक रस्ता निसरडा राहू नये म्हणून आमच्या गल्लीतून मीठ फेकत गेला. तुम्ही जाडजूड जॅकेटमध्ये ड्राइव्हवेच्या टोकाला उभे होतात. मी खिडकीतून बघते आहे, तुम्ही वाकता, हातमोजा काढता, रस्त्यावरचा एक खडा उचलता आणि जिभेला लावता. मी तशीच चप्पल घालून बाहेर धावले. "पप्पा, काय करताय, ते घाण असतं." तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीठच आहे गं." जणू मी तुमच्याशी खोटं बोलले होते आणि तुम्ही खात्री करून घेतली होती. मग विचारलंत, "बर्फ वितळल्यावर हे जातं कुठे?"

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला तेव्हा मी तुम्हाला तळ्याच्या तोंडाशी, जिथे पाइप येऊन मिळतो तिथे, घेऊन गेले. बाकी तळ्यावर बर्फाचा पापुद्रा होता आणि तिथे मात्र पाणी मोकळं होतं. मी पाण्यात मीठ मोजायच्या मीटरची सळई सोडली आणि आकडा तुम्हाला दाखवला. आकडा तुम्हाला कळला नसेल, पण माझा चेहरा कळला असावा. मी सांगितलं की गाळ खाली बसतो, तेल लव्हाळ्यात अडकतं, पण मीठ कशानेही अडत नाही. ते विरघळतं आणि जातं, किंवा जड पाणी होऊन तळाशी बसून राहतं आणि वरची हवा खाली पोहोचू देत नाही. मग ओढा, मग सरोवर, थोडं जमिनीत, जमिनीखालच्या पाण्यात. रात्री जेवताना म्हणालात, "तिकडे टँकरवाल्यांनी केलं. इकडे कोणी केलं?"

मी म्हटलं, "सगळ्यांनीच. कुणी पडू नये म्हणून."

तुम्ही भात कालवत राहिलात. तुमच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं हे मला पुढे कळलं.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आपल्याच गावची, तुमच्या मागच्या आळीतली, शाळेत तुमच्यापेक्षा लहान. लग्न होऊन मुंबईला गेली, तिथून इकडे आली, नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं. महिन्यातून एकदा आपली मराठी मिस्सा व्हायची त्या चर्चमध्ये तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हॉलमध्ये कॉफीच्या रांगेत तिने मागून हाक मारली, "मास्तर, मला ओळखलं नाहीस?" इकडे येऊन तुम्हाला मास्तर म्हणणारं आणि अरे-तुरे करणारं कुणी भेटेल असं तुम्हाला वाटलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी, मराठी मिस्सा असो वा नसो, तुम्ही दोघं हॉलच्या त्याच कोपऱ्यात बसायचात आणि आपल्या बोलीत बोलायचात. आम्हा बाकीच्यांना अर्धं कळायचं. ती तुमच्यासाठी डब्यात आपले तळलेले फुगे आणायची, सुकटाची चटणी आणायची. तुमच्या विहिरीची गोष्ट तुम्ही मला जेवढी सांगितली नाहीत तेवढी तिला सांगितली असणार.

त्या चर्चच्या पार्किंगमध्ये मीठ किती टाकत ते आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बुटाखाली कचकच आवाज व्हायचा. हॉलमध्ये फरशीवर पांढरे ठसे उमटायचे. कडेचं सीडरचं कुंपण रस्त्याकडून नव्हे, पार्किंगकडून तपकिरी होत चाललं होतं. केळीच्या कडा जळतात तसंच. तुम्ही ते मला बोटाने दाखवलंत आणि पुढच्या पॅरिश मीटिंगला स्वतःहून उभे राहिलात. मला न सांगता. तुमचं शाळेतलं इंग्रजी, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. म्हणालात, हे मीठ ओढ्यात जातं, तिथले बेडूक मरतात; मीठ बंद करा असं मी म्हणत नाही, बर्फ आधी काढा आणि मीठ नंतर, जेवढं लागेल तेवढंच टाका. बर्फ काढायला माणसं मी आणतो. फादर ऐकत होते. बर्फ काढायचं कंत्राट एका पंजाबी माणसाकडे होतं, तो मागे हात बांधून उभा होता. तो तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "सरजी, नमक कम डालूँगा और कोई गिर गया, तो केस मेरे ऊपर होगा. मेंढकों के ऊपर नहीं." सगळे हसले, तुम्हीही हसलात. फादरांनी एक हिवाळा करून बघू म्हटलं.

तो हिवाळा तुमच्या इकडच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ होता हे मी खात्रीने सांगू शकते. तुम्ही निवृत्त माणसांची एक टोळी जमवलीत. दोन गोव्याचे, एक फिलिपिनो, एक पोर्तुगीज आजोबा ज्यांना कुणाचंच बोलणं कळायचं नाही. रविवारी सकाळी पहिल्या मिस्साच्या आधी तुम्ही सगळे फावड्यांनी बर्फ काढायला हजर. चालायच्या वाटा कोरड्या करायच्या, पायऱ्यांवर आणि रॅम्पवर तुम्ही स्वतः मीठ पसरायचात, चिमटीने, जेवणात घालतात तसं. कुणी पडलं नाही. मावशी थर्मासमधून चहा ओतता ओतता म्हणायची, "मास्तरने इथेही शाळा काढली." तुम्ही लाजायचात. वसंतात मी मीटर घेऊन चर्चमागच्या ओढ्यावर गेले होते. एका पार्किंगने ओढ्यात काय फरक पडणार, हे मला माहीत होतं. तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, "थोडं बरं दिसतंय." ते अगदीच खोटं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात फेब्रुवारीतला तो रविवार. आदल्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं आणि रात्री थंडी परत कडाक्याची झाली होती. तुम्ही दाराजवळ फावडं घेऊन उभे होतात. मी गाडी लावून येत होते, त्यामुळे मी सगळं पाहिलं, तरी ते इतक्या पटकन झालं की पाहिलं असं म्हणता येत नाही. मावशीच्या मुलाने तिला पार्किंगच्या वरच्या बाजूला उतरवलं आणि तो गाडी लावायला गेला. ती तुम्हाला बघून हसली. तुम्ही हात पुढे करून तिच्याकडे निघालात. ती म्हणाली, "थांब तिथेच, मी येते." आणि दोन पावलांवर तिचा पाय सरकला. ओरडलीसुद्धा नाही. तिच्या हातातून सुटलेली डब्याची पिशवी मात्र बाजूला सरळ उभी होती.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं म्हणाले. मग छातीत कफ झाला, ताप यायला लागला. तुम्ही हॉस्पिटलमध्ये गेलात, पहिल्यांदा माझ्याबरोबर, मग बस बदलून एकटे. पहिल्यांदा ती गुंगीत होती. नंतर प्रत्येक वेळी तिचा मुलगा दाराशी येऊन म्हणायचा, "शी इज रेस्टिंग, अंकल." तुम्ही सूपचा डबा त्याच्या हातात देऊन परत यायचात. एकदाही म्हणाला नाहीत की मला बाहेर बसू दे. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ संपायच्या आत ती गेली.

तिच्या दफनानंतर हॉलमध्ये सगळे कॉफी घेऊन उभे होते. तुम्ही तिच्या मुलाजवळ गेलात. तो तेव्हा तरुण होता, काळा सूट घातलेला. तुम्ही काही म्हणायच्या आधीच त्याने तुमच्याकडे बघून अगदी सभ्य आवाजात म्हटलं, "आय होप द फ्रॉग्ज आर हॅपी, अंकल." पंजाबी कंत्राटदार आला होता, त्याने मान खाली घातली. तुम्ही, "सॉरी, बेटा," एवढंच म्हणालात. मावशीच्या मुलाने केस केली नाही, कुणाकडे तक्रार केली नाही, एवढं एक वाक्य बोलला आणि ते तुम्हाला आयुष्यभर पुरलं.

मी त्यानंतर त्या जागेवर दोन-तीनदा गेले. माझं कामच ते आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघणं. त्या हिवाळ्यात खालच्या कोपऱ्यात जुन्या कपड्यांचा मोठा कंटेनर आणून ठेवला होता, त्यामुळे नेहमीची जागा अडली आणि कंत्राटदाराने सगळा बर्फ ढकलून वरच्या बाजूला, चढावर, त्याचा डोंगर केला होता. दिवसा ऊन पडलं की तो डोंगर पाझरायचा, पाणी उतारावरून पार्किंगभर पसरत मधल्या जाळीपर्यंत जायचं आणि रात्री तिथेच गोठायचं. ज्याला इकडे ब्लॅक आइस म्हणतात, जो दिसतच नाही. मावशी नेमकी त्या ओघळावर पडली होती. बर्फ खालच्या बाजूला असता तर ती जागा कोरडी राहिली असती. मी कागदावर उतार काढून, बाण दाखवून, तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही चष्मा लावून सगळं बघितलंत. शाळेत नकाशा तपासायचात तसं.

"आणि मीठ जास्त असतं तर?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "पाणी सारखं येत होतं, पप्पा. मीठ धुऊन गेलं असतं."

"सगळं?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "कदाचित थोडं राहिलं असतं."

"कदाचित," तुम्ही म्हणालात. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिलीत. "तुझं बरोबर असेल. पण मी म्हटलं म्हणून मीठ कमी झालं, आणि ती पडली. हे दोन्ही खरंच आहे ना?" पुढे तुम्ही त्यावर कधी बोलू दिलं नाहीत. मी विषय काढला की चहा हवा का विचारायचात.

पुढच्या हिवाळ्यात तुमची टोळी मोडली. ट्रक पुन्हा पूर्वीसारखा यायला लागला आणि पार्किंग पुन्हा पांढरं झालं. तुम्ही मात्र रविवारी तसेच लवकर जात राहिलात. एकटे. हातात प्लास्टिकची बादली, त्यात मीठ. ट्रकने टाकलेल्यावर तुम्ही आणखी टाकायचात, वरच्या बाजूला, ती पडली होती तिथे, मुठी भरभरून. मी गाडीत बसून बघत राहायचे. ज्या हातांनी तुम्ही विहिरीचं पाणी चाखलं होतं त्या हातांनी तुम्ही ते टाकत होतात, आणि थांबा म्हणायचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नव्हतं. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "व्हाय इज ग्रँडपा डुइंग दॅट? ही हेट्स सॉल्ट." मी तिला म्हटलं, ग्रँडपाला कुणी पडलेलं आवडत नाही. तळ्याच्या फेऱ्या तुम्ही बंद केल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणायचात. वसंतात मी एकदा मागचं दार उघडं ठेवलं, बेडकांचा आवाज आत यावा म्हणून. तुम्ही उठून ते लावलंत.

तुम्ही गेलात तो ऑक्टोबर होता, थंडी सुरू व्हायच्या आधी. सकाळी आंघोळीहून आलात आणि पलंगावर बसलात, तसेच. डॉक्टर म्हणाले हृदय. मी ते मान्य केलं. तुमच्या दफनाला मावशीचा मुलगा आला होता. शेवटच्या बाकावर बसला आणि हॉलमध्ये न येताच निघून गेला. मला त्याचा तेव्हा फार राग आला होता आणि बरंही वाटलं होतं की तो आत आला नाही.

त्यानंतर इकडे बरंच बदललं, पप्पा. तुम्ही त्या मीटिंगमध्ये उभे राहून जे म्हणालात ते आता आम्ही सिटीत पगार घेऊन म्हणतो. ट्रकवाल्यांना शिकवतो की आधी बर्फ काढा, मग मीठ, रस्त्याचं तापमान बघून, कोरडं न टाकता पाण्यात भिजवून, म्हणजे उडून कडेला जात नाही. बर्फ कुठे साठवायचा हे पार्किंग बांधायच्या आधीच नकाशावर काढायला लावतो. सगळे ऐकतात असं नाही. कोर्टाची भीती आहे आणि ती खोटी नाही. ओढ्यांतलं मीठ अजून वाढतंच आहे, आणि जमिनीखाली गेलेलं तर माझ्या मुलीच्या आयुष्यातही बाहेर येत राहील. कधीकधी नव्या मुलांना शिकवताना मी म्हणते की ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली. मग कुणीतरी विचारतं, "वॉज ही ऑल्सो अॅन इंजिनिअर?" मी म्हणते, नाही, ते भूगोल शिकवायचे. पुढचं सांगत नाही.

आणि आता शनिवारचं. खोदकाम बघत आम्ही दोघं वरच्या बाजूला उभे होतो. नव्या आराखड्यात बर्फाची जागा खाली आहे, तिच्याखाली खडीचा खड्डा आणि झाडांची पट्टी, म्हणजे वितळलेलं पाणी कुणाच्या पायाखालून जाणारच नाही. ती जागा दाखवायला मी बोट केलं तर तो म्हणाला, "आय नो. मला माहीत आहे. मी तो उतार बघितलाय." यंत्राचा आवाज थांबला तेव्हा तो त्याच्या मोडक्या मराठीत बोलायला लागला. मध्येच इंग्रजी, पुन्हा मराठी. तो माझ्याशी कधी मराठीत बोलला नव्हता.

"ममी हॉस्पिटलमध्ये बोलली होती," तो म्हणाला. "दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. शी वॉज क्लिअर. म्हणाली, मास्तरला आत पाठव. मी नाही पाठवलं. मग म्हणाली, मास्तर आता घाबरेल. त्याला सांग, घाबरू नको. सुरू केलंय ते सोडू नको म्हणावं. तो हात देत होता, मीच घेतला नाही." त्याने हेल्मेटचा पट्टा सैल केला. "आय नेव्हर टोल्ड हिम. आय वॉज सो मॅड. आय नीडेड टू बी मॅड अॅट समवन. बिकॉज मीच तिला इथे उतरवलं होतं. खाली जागा नव्हती आणि मला उशीर झाला होता, सो आय सेड, ममी, गेट आउट हिअर."

मी ज्या जागी उभी होते ती तीच जागा होती. तिथे आता डांबर नव्हतं, नुसती खडी होती.

तो म्हणाला, "मी अंकलच्या फ्युनरलला सांगायला आलो होतो. तुला. मग वाटलं, आता काय उपयोग. आय सॅट इन द बॅक अँड लेफ्ट." आणि मग म्हणाला, "त्यांना रविवारी बादली घेऊन बघायचो. दर वेळी वाटायचं, आज जाऊन सांगतो. गाडीतून उतरायचो नाही."

पप्पा, म्हणजे त्या रविवारी सकाळी तुम्ही मीठ टाकत होतात तेव्हा एका गाडीत मी बसलेली होते आणि दुसऱ्या गाडीत तो. दोघंही बघत. तीन हिवाळे तुम्ही एका वाक्याशिवाय काढलेत, जे वाक्य चालत यायच्या अंतरावर होतं. ती रागावली नव्हती. तिने तुम्हाला आत बोलावलं होतं. तुम्ही दाराबाहेर सूपचा डबा देऊन बसस्टॉपवर जाऊन उभे राहत होतात आणि आत ती तुमची वाट बघत होती. हे कळून तुम्ही बादली खाली ठेवली असतीत का, मला सांगता येत नाही. पण मागचं दार उघडं राहू दिलं असतंत, एवढं नक्की.

मी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हटलं, "इट्स ओके. इट वॉज अ लाँग टाइम अगो." तो रडला. मोठा माणूस, हेल्मेट घालून, कामगारांसमोर. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. त्याने तुम्हाला जी शिक्षा दिली ती स्वतःलाही दिली होती, हे मला त्या क्षणी दिसत होतं. आम्ही पुन्हा आराखडा उघडला, जाळीची उंची तपासली, तो म्हणाला पुढच्या शनिवारी नवी खडी टाकतील, येशील ना. मी हो म्हटलं.

हे सगळं मी लिहिते आहे कारण निरोप तुमचा होता आणि तो माझ्याकडे येऊन थांबला आहे. हा कागद कुठेही जाणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी त्याला इट्स ओके म्हटलं ते खरं नव्हतं. अजून नाही. तुम्ही असता तर त्याच दुपारी त्याला घरी जेवायला घेऊन आला असता, ताटात दुसऱ्यांदा मासा वाढला असता आणि विषय बदलला असता. पुढच्या शनिवारीही मी त्याच्या शेजारी उभी राहीन, नीट बोलेन, काम चोख करेन. घरी ये, असं मात्र अजून म्हटलेलं नाही.